पाव किती घरांत जातो ते विचारा

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातले. यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झाले, त्यांचे वय 61, माझे 57. म्हणण्यासारखे पेन्शन नाही. वाटणीला आलेली जमीन विकून 70 लाख हातात आलेत. लेकीचे सासर मडगावला आहे, म्हणून गोव्यात येणे-जाणे असते, पण स्टेशन, लेकीचे घर आणि देवळे यापलीकडे आम्हाला तिथले काही ठाऊक नाही. दोन लहान फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावेत आणि त्या भाड्यावर घर चालवावे असे मनात आहे. एका एजंटाने मोपा विमानतळाजवळ आणि कळंगुटच्या बाजूला स्टुडिओ दाखवले. ठरलेले भाडे पाच वर्षे बिल्डरच देईल, असे तो म्हणतो. जावई म्हणतात पर्वरी बघा. यजमानांचा जीव फोंड्यात, कारण मंगेशी-शांतादुर्गा जवळ आणि मराठी वातावरण. आम्ही कुठे घ्यावे?
— शैलजा, सांगली जिल्हा

उत्तर :

शैलजाताई,

तुमच्या पत्रात मोपा, कळंगुट, पर्वरी, फोंडा अशी चार नावे आली. त्या घरात राहणार कोण, हे मात्र कुठेच आले नाही. मी एका बँकेत 26 वर्षे घरकर्जाचे काम केले, फोंडा, म्हापसा आणि मडगाव अशा तिन्ही ठिकाणी. भाड्यासाठी घर घेणारे कितीतरी लोक माझ्या टेबलापलीकडे बसून गेले. ज्यांचे पुढे बरे चालले, त्यांना घर बघण्याआधीच भाडेकरू डोळ्यांसमोर दिसत असे. कुणाला बांबोळीच्या इस्पितळातली नर्स, कुणाला वेर्ण्याच्या औषध कंपनीतला केमिस्ट, कुणाला कॉलेजातली शिक्षिका. ज्यांनी आधी गॅलरीतला देखावा पाहिला, त्यांतले बरेचजण दोन वर्षांनी हप्ता पुढे ढकलता येतो का ते विचारायला परत आले. म्हणून तुमच्या प्रश्नाचा क्रम मी बदलते. पगार कुठे होतो ते आधी शोधू, घर त्यानंतर.

आणि त्याच्याही आधी थोडा हिशेब, कारण तुम्ही या भाड्यावर घर चालवायचे म्हणता.

समजा, 35 लाखांचा एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. मुद्रांक, नोंदणी, वकील, रंग, पंखे, गिझर मिळून आणखी अडीच लाख गेले. भाडे महिना 12,000 मिळाले. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षातला एखादा महिना रिकामा जातो, म्हणून 11 महिने धरू. झाले 1,32,000. त्यातून सोसायटीचे महिना 1,500 प्रमाणे 18,000 गेले. घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्तीला 12,000. उरले 1,02,000. साडेसदतीस लाखांवर हे पावणेतीन टक्के सुद्धा पुरते भरत नाहीत. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घालून पाहा. पण असे दोन फ्लॅट घ्यायचे तर 75 लाख लागतात, तुमच्याकडे आहेत 70, आणि महिन्याकाठी हातात येणार साधारण 17,000. दुखणे-खुपणे आले तर गॅलरी विकून औषध आणता येत नाही.

यजमान साठीच्या पुढचे आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांच्या नावे 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यावर येते आणि त्याचा दर वरच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून माझे पहिले सांगणे असे की दोन घरांचा विचार सोडा. एकच घर घ्या, 30 लाख त्या योजनेत ठेवा, आणि उरलेले दोन-अडीच लाख हाताशी असू द्या. घराचा फायदा भाड्यापेक्षा हळूहळू चढणाऱ्या किमतीत आणि भाड्यातल्या वाढीत असतो. त्याला दहा-पंधरा वर्षांचा धीर लागतो, आणि तो धीर ज्याच्या घरात दुसरीकडून महिन्याचे पैसे येतात त्यालाच धरता येतो.

आता एजंटाने दाखवलेले स्टुडिओ. बिल्डर पाच वर्षे ठरलेले भाडे देणार म्हणतो, ते पैसे कुठून येणार ते त्याला विचारा. घर रिकामे राहिले तरी तो भाडे देणार असेल, तर ती रक्कम त्याने किमतीत आधीच घालून ठेवलेली असते आणि तुमचेच पैसे तो तुम्हाला हप्त्याहप्त्याने परत करतो. सहाव्या वर्षी तुमच्या हातात चढ्या भावाने घेतलेली एक खोली आणि किल्ली उरते. कळंगुट-कांदोळीकडचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, पुढे मे महिन्याची थोडी गर्दी, मग पाऊस. पाहुण्यांना घर द्यायचे तर पर्यटन खात्याकडे 1982 च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. रोजच्या चादरी, सफाई, रात्री दोन वाजता किल्ली द्यायला माणूस हवा. हा सगळा हॉटेलचा धंदा झाला. सांगलीत बसून तो तुमच्याने होणार नाही, आणि जो तुमच्या वतीने करील तो भाड्यातला मोठा वाटा घेईल.

मोप्याचा विमानतळ खोटा नाही. जानेवारी 2023 पासून तिथून विमाने उडतात, जवळच धारगळला आयुर्वेदाची मोठी संस्था उभी राहिली आहे, आणि या दोन्ही ठिकाणी काम करणारी माणसे पेडणे तालुक्यात राहायला घर शोधतातही. पण तिथल्या जमिनीचे भाव भाडेकरूंच्या फार पुढे धावले आहेत. दहा वर्षांनी तिथे काय होईल हा तुमच्या नातवंडांच्या कामाचा प्रश्न आहे. तुम्हाला भाडे येत्या गणपतीपासून हवे आहे.

होऊ घातलेल्या गोष्टींवर घर घेऊ नका, हे मी जरा जोर देऊन सांगते. गोव्यात आयआयटी 2016 मध्ये फोंड्याजवळ फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात तात्पुरती सुरू झाली. कायमची जागा म्हणून काणकोणातले लोलये झाले, सत्तरीतले शेळ-मेळावली झाले, सांगे झाले. प्रत्येक वेळी आसपास जमीन बघायला माणसे गेली. मेळावलीत गावकऱ्यांनी आपली जमीन वाचवण्यासाठी आंदोलन केले आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारने तो प्रकल्प मागे घेतला. त्या गावकऱ्यांची बाजू मला पटलेली होती. पण 'आयआयटी येणार' म्हणून ज्यांनी आगाऊ पैसे गुंतवले, त्यांचे काय झाले असेल ते तुम्हीच बघा. उलटही घडते. एनआयटी फर्मागुडीलाच होती, ती कुंकळ्ळीच्या नव्या आवारात गेली. म्हणजे सुरू असलेली संस्था सुद्धा उठून जाऊ शकते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 2010 साली आम्ही नवरा-बायकोने साखळी गावाजवळ एक फ्लॅट घेतला. तेव्हा डिचोली, साखळी, सगळा खाणपट्टा पैशाने वाहत होता. खनिजाचे ट्रक रात्रंदिवस, दर दुसऱ्या घरी एक ट्रक, आणि आमचा भाडेकरू एका खाण कंपनीतला सर्व्हेअर. भाडे पाच तारखेच्या आत यायचे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. नोव्हेंबरमध्ये तो माणूस बायको-मुलांना घेऊन त्याच्या गावी गेला, जाताना किल्ली देताना रडला. आमचा फ्लॅट 14 महिने रिकामा होता. रस्त्यावर जिकडेतिकडे 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या लागल्या, ट्रक अंगणात गंजत उभे राहिले. पुढे थोडे काम सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018 मध्ये परत बंद पडले. आमचे नुकसान भाड्यापुरते होते, त्या लोकांचे तर सगळेच गेले. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला एकच विचारते: या वस्तीतली एक कंपनी, एक कारखाना, एक कॉलेज उद्या बंद पडले, तर तुमच्या घरात राहायला दुसरे कोण येईल? उत्तरात तीन वेगळी नावे आली तर पुढे बोलू.

आणखी एक. गोवा हे एक शहर आहे असे धरून तुम्ही विचारता आहात. पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा, फोंडा ही पाच वेगळी गावे आहेत, प्रत्येकाचे नोकरदार वेगळे, बाजाराचा दिवस वेगळा, नळाचे पाणी सुद्धा वेगळ्या ठिकाणाहून येते. दक्षिणेला साळावली धरणाचे, फोंडा-तिसवाडीला ओप्याच्या जलशुद्धीकरण केंद्राचे, बार्देश तालुक्याला मुख्यतः अस्नोड्याच्या केंद्राचे, आणि अस्नोड्याला तिळारीच्या कालव्याचा आधार. तो कालवा कुठे फुटला की बार्देशातल्या बायका घागरी घेऊन उभ्या राहतात.

त्यावरून पर्वरी, तीही बार्देशातच. जावयांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालयाची नवी इमारत, शाळा, सगळे तिथे आहे आणि भाडेकरू चांगल्या पगाराचे मिळतात. पण तुमच्या पैशांत तिथे जे मिळेल ते एकतर फार जुने किंवा फार आतले असेल, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे. पर्वरीत घर बघायचेच झाले तर एप्रिल-मेमध्ये बघा आणि इमारतीच्या वॉचमनला टँकर आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारा. 35 लाखांत मला तिथे मनासारखे दिसत नाही.

पणजीच्या बाजूला माझे लक्ष पणजीपेक्षा बांबोळीकडे जाते. गोवा मेडिकल कॉलेज तिथे आहे, पठारावर विद्यापीठ आहे, आणि नर्सेस, शिकाऊ डॉक्टर, लॅबवाले, प्राध्यापक यांना बारा महिने घर लागते. सांताक्रूझ, मेरशी, गोवा वेल्हा ही त्यांच्या परवडण्यातली गावे. ताळगाव महाग झाले. कदंब पठारावर नव्या इमारती पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या किती घरांत माणसे राहतात ते बघावे लागेल. त्याबद्दल पुढे सांगते. जुवारी नदीवरचा नवा पूल झाल्यापासून वेर्ण्याला कामाला जाणारी माणसे सुद्धा या बाजूला राहू लागली. जुन्या पुलावरच्या कोंडीत तासन्‌तास गेले त्यांनाच या पुलाचे मोल कळेल.

वास्कोत जुने फ्लॅट स्वस्त मिळतात. बंदर, नौदल, गोवा शिपयार्ड असे तीन भक्कम आधार आहेत. पण बंदराजवळ कोळशाच्या धुळीची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बघा. चिखलीची बाजू त्यातल्या त्यात बरी. तिथे विमानतळ आणि नौदलाचा तळ असल्याने इमारतीच्या उंचीचा परवाना नीट आहे का ते पाहायला हवे.

म्हाप्शाबद्दल एवढेच की किनाऱ्यावरच्या हॉटेलांत राबणारी बरीच माणसे म्हाप्शात आणि आसपास राहतात, मागणी आहे, पण ती हंगामाबरोबर वर-खाली होते.

यजमानांचे फोंडा मला मनापासून आवडते. मी तिथेच राहते. कुंडई, मडकई, बेतोडा अशा तीन औद्योगिक वसाहती, फर्मागुडीची कॉलेजे, बाजार, इस्पितळ, आणि पणजी-बेळगाव हमरस्ता. भाडेकरू एकाच गोठ्यातले नाहीत, हा फोंड्याचा मोठा गुण. कुर्टी, शांतीनगर, ढवळी या भागांत सरकारी नोकर, शिक्षक, कारखान्यातले सुपरवायझर वर्षानुवर्षे राहतात. मराठी वाचनालये, नाटके, उत्सव, यजमानांचे मन तिथे रमेल हेही खरे. तुम्ही स्वतः राहायला येणार असता तर मी डोळे मिटून फोंडा म्हटले असते. पण घर भाड्याने द्यायचे आहे आणि तुम्ही असणार सांगलीत. पावसात बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपले, भाडेकरूची बायको रात्री नऊला फोन करते आहे, तेव्हा अर्ध्या तासात तिथे पोचणारे कोण आहे? तुमची लेक. आणि ती मडगावात आहे.

म्हणून माझे मत मडगाव. देवाला जायला फोंडा तासाभराच्या आत आहे, तिथे घर असण्याची गरज नाही.

मडगाव म्हणजे सुद्धा सगळे मडगाव नाही. जिल्ह्याची कचेरी, जिल्हा रुग्णालय, न्यायालय, कोकण रेल्वेचे मोठे जंक्शन, चौगुले आणि दामोदर अशी कॉलेजे, बाजारातली दुकाने, आणि उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर वेर्ण्याची औद्योगिक वसाहत. एक बंद पडले तर दुसरे आहे, साखळीला आम्हाला जे नव्हते ते. फातोर्डा आणि बोर्डा इथे चालत बस-स्टँड गाठता येतो, शाळा जवळ, म्हणून लहान मुलांची नोकरदार जोडपी ही बाजू मागतात. गोगळला हाउसिंग बोर्डाची जुनी वस्ती आहे, रस्ते रुंद, शेजार मुरलेला. नावेलीत थोडे स्वस्त मिळेल. आके आणि स्टेशनकडच्या भागात एकट्या राहणाऱ्या नोकरदारांची मागणी असते. दवर्ली-रुमडामळकडे घरे आणखी स्वस्त आहेत आणि कष्टकरी कुटुंबांची मागणी कधी संपत नाही, पण गटारे आणि पाण्याची वेळ स्वतः उभे राहून बघितल्याशिवाय तिथे पैसे गुंतवू नका.

दोन ठिकाणी सावध राहा. मडगावचा कचरा वर्षानुवर्षे सोनसोडोला पडत आला आहे, आणि वारा फिरला की वास कुठपर्यंत येतो ते एजंट सांगणार नाही, संध्याकाळी तिथे उभे राहिलात की कळेल. दुसरी गोष्ट, साळ नदीच्या आजूबाजूची सखल शेते. शेत बुजवून उठवलेली इमारत जानेवारीत सुंदर दिसते. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ते पाणी पूर्वी ज्या शेतात जाऊन थांबायचे तिथे आता तुमची पार्किंगची जागा असेल, तर ते पार्किंगमध्येच थांबेल. इमारतीच्या तळमजल्याच्या भिंतीवर मातीची रेघ दिसते का बघा. नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांनाच दिलेला असेल तर तेही उत्तरच.

आता बघायचे कसे. घर घेण्याआधी मडगावात दोन महिने भाड्याने राहा, जून आणि जुलै. वीस-पंचवीस हजार जातील आणि त्यातून तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही एजंटाकडून कळणार नाही. स्वतः भाड्याचे घर शोधताना कोणत्या वस्तीत घर पटकन मिळते, कुठे मालक तुमच्या मागे लागतात, कुठे दार उघडायच्या आत घर गेलेले असते, हे आपसूक समजते. जिथे तुम्हाला घर मिळायला त्रास झाला, तिथे घेतलेले घर रिकामे राहत नाही.

त्या दोन महिन्यांत सकाळी साडेसहाला बाहेर पडा. वेर्ण्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या कामगारांना घ्यायला कोणत्या नाक्यांवर थांबतात आणि कुठे किती माणसे चढतात ते मोजा. मग पोदेराला, म्हणजे पाववाल्याला गाठा. सायकलवर पावाची टोपली आणि भोंगा घेऊन तो सकाळ-संध्याकाळ प्रत्येक इमारतीखाली येतो. त्याला विचारा, या इमारतीत किती घरांत पाव देतोस? वीस घरांच्या इमारतीत तो सहा म्हणाला तर उरलेली चौदा घरे मुंबई-दिल्लीच्या किंवा परदेशातल्या मालकांची, कुलूपबंद आहेत. रात्री आठला परत त्याच इमारतीसमोर उभे राहून दिवे मोजा, आकडा जुळेल. बंद घरांचे मालक सोसायटीचे पैसे वेळेवर देत नाहीत, मग लिफ्ट बंद पडते, गच्चीवर पत्रे घालायचे राहतात, वरून गळायला लागते, आणि चांगला भाडेकरू निघून जातो. कदंब पठाराबद्दल मी मघाशी थांबले ते याचसाठी. औषधांच्या दुकानवाल्यालाही विचारा, त्याला वस्तीत म्हातारी माणसे आणि लहान मुले किती हे तोंडपाठ असते.

वरच्या मजल्याचे घर असेल तर छताच्या कोपऱ्यात हिरवट-काळे डाग बघा. पश्चिमेकडच्या भिंतीला पाऊस लागतो, ती आतून हात लावून पाहा. क्षेत्रफळ गोव्यात चौरस मीटरमध्ये सांगतात. 55 चौरस मीटर म्हणजे सुमारे 592 चौरस फूट, आणि ते कार्पेट की जिना-लिफ्ट धरून, हे लेखी घ्या.

तुमच्या बजेटात नवे बांधकाम आणि जुना तयार फ्लॅट असे दोन्ही मिळतील. मी तयार घर म्हणते. भाडे लगेच सुरू होते, गळती डोळ्यांना दिसते, आणि ऑक्युपन्सी, म्हणजे राहण्यायोग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम सुरू असलेले घेतलेच तर प्रकल्प आणि एजंट दोघांची रेरामध्ये, म्हणजे बांधकाम व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे का ते पाहा, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

कागदपत्रे हा गोव्यातला वेगळाच विषय आहे, महाराष्ट्रातला सात-बाराचा अनुभव इथे पुरा पडत नाही. इथे एक-चौदाचा उतारा असतो. त्यात कब्जेदाराच्या रकान्याबरोबर कुळाचा आणि 'इतर हक्कां'चा रकाना वाचा. कुणी मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहणारे कुटुंब, तिथे होते का ते विचारा. 1975 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे, पण तो हक्क मिटवल्याशिवाय उभी राहिलेली इमारत तुमच्या गळ्यात यायला नको. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेची आहे का, बिगरशेती सनद आहे का, पंचायतीची किंवा पालिकेची ऑक्युपन्सी आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. वकील स्वतःचा करा, एजंटाने सुचवलेला नको.

सगळ्यात जास्त व्यवहार अडकलेले मी पाहिले ते सह्यांवर. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे गोमंतकीय जोडप्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी असते, कागदावर नाव एकाचेच असले तरी. म्हणून विकणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोची किंवा नवऱ्याची सही हवीच. घर वारसाने आले असेल तर मुली-मुलगे सगळे हक्कदार, आणि त्यांतला एक लिस्बनला, एक लंडनला, एक कुवेतला असतो. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून झालेली वारसांची वाटणी, किंवा वारसाहक्काची डीड झाली आहे का, आणि प्रत्येकाची सही किंवा मुखत्यारपत्र आहे का, ते बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. विकणारा अनिवासी असेल तर रक्कम कितीही लहान असो, कर कापून सरकारात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची असते. सीएला आधी विचारा.

भाडेकरू ठेवताना अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, आणि त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्या, ते टाळू नका. माझी एक विनंती आहे. आडनाव, जात, धर्म, ताटात काय वाढतात, हे विचारून माणसे परत पाठवू नका. नोकरीचे पत्र बघा, आधीच्या घरमालकाला फोन करा, तेवढे पुरे. बाहेरगावच्या नर्स मुलींना, झारखंड-ओडिशातून आलेल्या वेल्डरला इथे घर मिळत नाही म्हणून हॉस्पिटलच्या व्हरांड्यात किंवा साइटवरच्या पत्र्याखाली दिवस काढावे लागलेले मी पाहिलेत. आणि दुसरीकडे आमच्याच गोव्यातल्या तरुण शिक्षकाला आपल्या गावात घर परवडत नाही, कारण गावातली निम्मी घरे सुट्टीसाठी कुलूप लावून ठेवलेली. तुमच्या घरात बारा महिने दिवा लागणार असेल तर बाहेरून येऊन घर घेतल्याबद्दल तुम्हाला कुणी नाव ठेवणार नाही.

लेकीला आजच सांगा, फातोर्डा नाहीतर बोर्डा बाजूला 10 जूनपासून दोन महिन्यांसाठी एक खोली-स्वयंपाकघर बघ म्हणावे. तोवर एजंटाला काही देऊ नका. काही दिलेच असेल तर किती दिले आणि पावती कुणाच्या नावाची आहे, ते मला लगेच कळवा.